माझ्या वाटचा पेला

नव्या बाजरीच्या राशीत कोपरापर्यंत हात घालून पाहिलाय का कधी? वरून रास निवलेली दिसते, पण आत ऊब असते. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणात असते तशी. परवा भाच्याच्या ओसरीवर बाजरी येऊन पडली. हल्ली यंत्रातून निघते, तासाभरात सगळं आटपतं, धुरळा तेवढा मागे राहतो. कुणी बघत नाही असं पाहून मी राशीपाशी बसले आणि हात आत घातला. तेवढ्यात सूनबाई बाहेर आली आणि काय हरवलं म्हणून विचारू लागली. वाळलीय का बघते, असं सांगितलं. या वयात माणसानं राशीत हात घालून डोळे मिटून बसलं की घरच्यांना डॉक्टरची आठवण होते.

मला आठवत होतं आईचं मडकं. बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिली सुगी आली, तेव्हा तिनं ते अशाच राशीत गळ्यापर्यंत पुरून ठेवलं होतं. ती सुगी मी जन्मभर विसरणार नाही, आणि आमच्या मंडळीतलं जे कुणी अजून हयात आहे तेही विसरलेलं नाही. आजही कापणीच्या सणाला कुणीतरी तोंड वाकडं करून दाखवतंच.

आम्ही ख्रिस्ती. देवळाली प्रवराच्या पलीकडचं लहानसं गाव, पाटाच्या वरच्या अंगाचं. म्हणजे पाटाचं पाणी आम्हाला दिसायचं, मिळायचं नाही. खाली ऊस डुलायचा आणि वर आमची बाजरी आभाळाकडे बघत उभी असायची. गावाच्या कडेला आमचं चर्च. पत्र्याचं छप्पर, दगडी भिंती, आत सतरंज्या. पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे. खरीप घरात आलं की एक रविवार कापणीच्या सणाचा. ज्याच्या शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं त्यानं घेऊन यायचं. खांबांना कणसासकट बाजरीची ताटं बांधायची, मेजासमोर भोपळे, मूग, मटकी, गवार, वांगी मांडायची. एखादी पाय बांधलेली कोंबडी प्रवचनाच्या ऐन रंगात बोलायला लागायची. नंतर निंबाखाली सगळ्यांनी मिळून जेवायचं.

आणि मी? आता लपवून काय करायचंय. मी मानत नाही. विशीपासून मानत नाही. लोकांना वाटतं, असं व्हायला काहीतरी मोठं दुःख लागतं. माझ्या बाबतीत तसलं काही घडलं नाही. कॉलेजात असताना होस्टेलच्या गच्चीवर एका दुपारी केस वाळवत बसले होते, आणि लक्षात आलं की कित्येक दिवसांत आपण प्रार्थना केलेली नाही, आणि आपलं काही अडलेलंही नाही. झालं. दुधाचा दात पडतो तसा देव पडला. जीभ काही दिवस त्या जागेकडे जात राहिली, मग तीही विसरली.

पण रविवार काही सुटला नाही. मला कोपरगावला हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली होती. महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा, म्हणून आदल्या शनिवारी शाळा सुटली की मी एसटी पकडायची. फाट्यावर उतरून गावापर्यंत चालत यायची. आई दारातच उभी असायची, हातात पाण्याचा तांब्या आणि तोंडात एकच प्रश्न, जेवलीस का. त्या बाईला मी काय सांगणार होते? की तुझ्या देवाचं आणि माझं आता पटत नाही? तिच्या हातातला तांब्या पडला असता.

आणि खोटं कशाला बोलू, मला तिथं आवडायचं. देव सोडला तर चर्चातलं बाकी सगळं मला आवडायचं. ढोलकीवर पहिली थाप पडली की सतरंजीवरच्या बायांची पाठ सरळ व्हायची, ते आवडायचं. आईचा आवाज वरच्या पट्टीत चिरकायचा आणि ती न लाजता तसाच ओढायची, ते आवडायचं. सारवलेल्या अंगणाचा वास, पत्र्यावर फिरणाऱ्या चिमण्या, प्रवचनात पेंगणारे आमचे वडील, आण्णा, आणि दर पेंगेनंतर त्यांनी मोठ्यानं म्हटलेलं 'आमेन', ज्याचा प्रवचनाशी कधीच मेळ बसायचा नाही. या सगळ्याला मानण्या-न मानण्याचा काय संबंध? मी आईच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि गाणी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची.

अडायचं ते एकाच ठिकाणी, पेल्यापाशी.

प्रभुभोजनाचा द्राक्षरस आमच्या घरून जायचा. काळे मनुके रात्रभर भिजवायचे, शनिवारी उकळायचे, कुस्करायचे आणि आण्णांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचे. चोथा गुळाबरोबर आम्हा पोरांच्या वाट्याला यायचा. ही सेवा आईला तिच्या सासूकडून आलेली, आणि सासूला तिच्या सासूकडून. आईला ना दागिना, ना शाळा. तिचा मान म्हणाल तर तो एवढाच. रविवारी सकाळी मडकं डोक्यावर घेऊन ती गल्लीतून निघाली की समोरचा माणूस बाजूला व्हायचा.

या सेवेला मात्र एक अट होती. ज्या घरचे सगळे मेजाला येतात, म्हणजे भाकरी आणि पेला घेतात, त्याच घराकडे ती राहायची. कुठं लिहिलेलं नव्हतं हे, पण गुणाबाईंच्या तोंडात होतं, आणि ते लिहिल्यापेक्षा पक्कं. गुणाबाई म्हणजे मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या बाई. गुडघे धरलेले, म्हणून त्या भिंतीला टेकून आडव्या बसायच्या. प्रवचन करणाऱ्या पाळकसाहेबांकडे त्यांचा कान असायचा आणि डोळे आम्हा बायांच्या ओळींवर. मेजाच्या भाकरीची सेवा पूर्वी एका दुसऱ्या घरी होती. त्यांच्या थोरल्यानं मेजाला यायचं सोडलं, आणि गुणाबाईंनी दोन वाक्यांत ती सेवा काढून घेतली. त्यानंतर ती माउली चर्चात यायची ती मागच्या सतरंजीवर बसायची. मी लहान होते, पण तिचं ते मागं बसणं माझ्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही.

आता कळलं ना माझं कुठं अडत होतं? पेला घेतला नाही तर आईची सेवा जाणार. घेतला तर खोटं. आणि खोट्या मनानं मेजाला हात लावू नये, हे मला शिकवलं होतं कुणी? आईनंच.

आमच्याकडे रीत अशी, की तबक ओळीतून फिरतं, प्रत्येकानं अंगठ्याएवढा काचेचा पेला उचलून हातात धरायचा. सगळ्यांना पोचला की पाळकसाहेब प्रार्थना करतात, सगळे डोळे मिटतात, आणि प्रार्थनेच्या शेवटी डोळे न उघडताच पिऊन टाकायचा. मग तबक रिकामे पेले न्यायला परत येतं. नोकरी लागल्यावरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला मी पेला उचलला आणि धरून बसले. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. गिळावं म्हटलं तर घसा बंद. तबक परत यायला लागलं, आणि माझ्या हातात भरलेला पेला.

तेवढ्यात आईचा हात पदराखालून आला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेला माझ्या बोटांतून काढून घेतला, पदर तोंडाशी नेला, आणि रिकामा पेला माझ्या हातात परत ठेवला. तबक आलं, मी पेला ठेवला. आई पुढचं गाणं म्हणायला लागली, वरच्या पट्टीत, चिरकतच.

घरी गेल्यावर काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तिनं विचारलं ते वांग्यात शेंगदाण्याचं कूट घालू की कारळ्याचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. मग ती रीतच पडून गेली. पोट बिघडलंय असं तिला वाटत असेल, की बाईपणाची काही अडचण वाटत असेल, की तिला सगळंच कळलंय? विचारायची माझी हिंमत नव्हती. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, तिलाही आणि मलाही.

मग दुष्काळ आला. त्याचं रडगाणं मी गाणार नाही, ते पुष्कळांनी गायलंय. रसापुरतं सांगते. मनुके मिळेनात, मिळाले तर मूठभर. आई तेच पुन्हा पुन्हा उकळायची. पेल्यात नुसतं रंग लागलेलं पाणी असायचं. मंडळी ते डोळे मिटून घ्यायची आणि कुणी चकार शब्द काढायचं नाही. आईला मात्र ते लागून राहिलं होतं. देवाच्या मेजावर आपण पाणी ठेवतो, म्हणायची. घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, तिला ना चव ना रूप, आणि ही बाई झुरायची ती रस पातळ झाला म्हणून.

त्यानंतरच्या वर्षी मात्र पावसानं लाज राखली. बाजरी अशी आली की कणसं हातात मावेनात. खळ्यावर महिनाभर नुसता आनंद. मळणीच्या भुसकटानं सगळ्या गावाला सर्दी. ज्याला त्याला शिंका, नाकं लाल, आणि तरी जो तो हसतोय. नव्या बाजरीची पहिली भाकरी आईनं तव्यावर टाकली तेव्हा आण्णा चुलीपुढून उठेचनात. तिचा वास घराबाहेर गेला आणि शेजारीण नुसती वास घ्यायला म्हणून आली. मी त्या भाकरीवर लोणी घेतलं नाही. नुसतीच खाल्ली, आणि मला रडू आलं. आजही येईल.

आणि कापणीचा सण आला. दोन वर्षं कुणाकडं आणायलाच काही नव्हतं, म्हणून झाला नव्हता. त्यामुळं आईच्या अंगात संचारलं होतं. तिनं मनुके आणवले ते चांगले पायलीभर असावेत. शनिवारी पाहुणे येणार, पोळ्या करायच्या, म्हणून तिनं रस गुरुवारीच उकळला. इतका दाट, की फडक्यातून उतरेना. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून वर मूठभर कच्चे मनुके तसेच मडक्यात टाकले, आणखी गोडी उतरावी म्हणून. आणि मग तिनं ते केलं, जे दोन वर्षं बाजरीचा दाणा न पाहिलेली आमच्यातलीच बाई करेल. नवी रास घरात पडली होती, तिच्यात मधोमध खड्डा केला आणि मडकं गळ्यापर्यंत आत बसवलं. पहिल्या राशीत देवाचा रस राहू दे, म्हणाली. वरून फडकं बांधलं आणि राशीला हात जोडले.

मी शनिवारी संध्याकाळी आले तेव्हा ते पाहिलं. उन्हातून आलेली बाजरी, आत ऊब, त्यात गोड रस, त्यात कच्चे मनुके. नववीच्या वर्गाला मी त्याच आठवड्यात किण्वन शिकवलं होतं. फळ्यावर आकृतीसुद्धा काढली होती. आणि घरी येऊन मला काय वाटलं? वाटलं, किती छान दिसतंय. आमचं शास्त्र हे असं, फळ्यापुरतं.

रविवारी सकाळी मी चर्चच्या दाराला बाजरीची ताटं बांधत होते. आई मागच्या खोलीत पेले भरत होती. नाक चोंदलेलं, वास कुठला यायला! थोडा फेस दिसला, तो तिला डोक्यावरून आणताना हिंदकळल्याचा वाटला. चर्च गच्च भरलं होतं. जे दुष्काळी कामावर खडी फोडायला परगावी गेले होते तेही परत आलेले. त्यात लहानूतात्या होते. तात्या एके काळचे नामी पिणारे. पाळकसाहेबांपुढं शपथ घेऊन सोडली होती, आणि सोडल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांचा दाखला प्रवचनात हमखास यायचा, आणि तो आला की तात्या मान खाली घालून मिशीतल्या मिशीत हसायचे. त्या दिवशीही पाळकसाहेब दारूबंदीवर बोलले. सुगी आली, हातात पैसा येईल, सांभाळा, म्हणाले. आण्णांनी आमेन म्हटलं, आणि त्या एका दिवशी ते बरोबर जागेवर पडलं.

तबक फिरलं, पेले हातोहाती गेले. प्रार्थना सुरू झाली, डोळे मिटले. माझे नेहमीप्रमाणे उघडे. म्हणून पुढचं सगळं मला पहिल्यापासून दिसलं.

सगळ्यांनी पेला तोंडाला लावला आणि त्या एका घोटात आख्ख्या मंडळीचे डोळे उघडले. गाल आत गेले, ओठ एका बाजूला गेले, पोक्त पोक्त माणसांची तोंडं चिंच चाटलेल्या पोरांसारखी झाली. चर्चच्या पंचांना ठसका लागला. आण्णांच्या मिश्या ताठ. पाळकसाहेबांचं आमेन अर्ध्यावर अडकलं. एकटे लहानूतात्या तेवढे डोळे मिटूनच होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुना दोस्त भेटल्याचं समाधान हळूहळू पसरत चाललं होतं.

माझ्या शेजारी आईचं तोंड वाकडं झालं, आणि मग पांढरं पडलं. तिला कळलं. तेवढ्या क्षणात तिला सगळं कळलं असणार, गुरुवार, कच्चे मनुके, रास. आणि तरी, त्या सगळ्या गोंधळात, तिचा हात पदराखालून माझ्याकडे आला. मी पेला घट्ट धरून ठेवला. मान हलवली, नको म्हणून. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली, पेला काढून घेतला आणि प्यायली. पहिला पेला ती नकळत प्यायली होती, हा जाणूनबुजून. तिचं तोंड दुसऱ्यांदा वाकडं झालं.

मी मान वर केली तर समोर भिंतीला टेकलेल्या गुणाबाई. तोंड वाकडं, डोळे माझ्यावर. आख्ख्या चर्चात सरळ तोंडाची मी एकटीच होते.

उपासना कशीबशी संपली. निंबाखाली पंगत बसली, भाकरी, भरीत, मटकीची उसळ. आईनं ताट घेतलंच नव्हतं. ती पाळकसाहेबांसमोर उभी राहिली आणि सरळ सांगून टाकलं की रस आंबला, चूक माझी, आता ही सेवा दुसऱ्या कुणाला द्या. तिचा आवाज फुटत होता. पाळकसाहेब काही बोलणार, तोच पुरुषांच्या पंगतीतून लहानूतात्या उठले. हात जोडून म्हणाले, "सायेब, म्या शपत मोडली न्हाई. औंदा देवानंच वाढली, मी काय करू?"

पाळकसाहेबांनी हसू आवरायला पाहिलं, ते जमलं नाही. मग पंच हसले, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, पंगत नुसती हलायला लागली. माझे आण्णा तर डोळे पुसत होते. दोन वर्षांत अशी हसली नव्हती ती माणसं. पाळकसाहेबांनी आईला सांगितलं की सेवा कुठं जात नाही, बसा, जेवा. आईच्या चेहऱ्यावर रंग आला.

पण गुणाबाई हसत नव्हत्या. काठी टेकत त्या आमच्यापुढं आल्या. गुणाबाईंनी माझी हनुवटी धरून वर केली आणि म्हणाल्या, "समद्यांची तोंडं वाकडी झाली. तुजं का झालं न्हाई गं?"

आता सांगून टाकावं असं मी ठरवलं. खरंच ठरवलं. आता आईची सेवा जाणार ती माझ्यामुळं, मग निदान खरं बोलून जाऊ दे. मी तोंड उघडलं, पण आईचा आवाज आधी आला.

"तिच्या वाटचा म्या घेतला, गुणाबाई. दर बारीला मीच घेते. ती मानत न्हाई. पन माज्यासाटी येती, माज्या मांडीला मांडी लावून बसती. आता ह्येच्यात कुनाचं काय काढायचं आसंल तर काढा."

मानत नाही. आईनं तो शब्द उच्चारला, भर पंगतीत, आणि आभाळ काही कोसळलं नाही. तिला माहीत होतं. पहिल्या पेल्यापासून माहीत होतं. मी इतकी वर्षं जे लपवत होते ते हिनं पदराखाली झाकून ठेवलं होतं, माझ्यासकट.

गुणाबाई बघत राहिल्या, माझ्याकडे, मग आईकडे, मग चर्चच्या दारातून दिसणाऱ्या मेजापुढच्या भोपळ्यांकडे. त्यांच्या हातात नव्या बाजरीची भाकरी होती. तिचा एक घास मोडून त्यांनी तोंडात टाकला, दात नव्हते म्हणून बराच वेळ चघळला.

"मंग वाया तर गेला न्हाई," म्हणाल्या, आणि जाऊन बसल्या.

एवढंच. आईनं ताट घेतलं. त्या दिवशी ती किती भाकरी जेवली ते मी मोजलं नाही, पण आण्णांनी मोजलं असावं, कारण ते नंतर आठवडाभर चिडवत होते, दोन पेले लागले हिला म्हणून.

परतताना मी मडकं घेतलं होतं आणि आई शेजारून चालत होती. दोन्ही बाजूंना बाजरीचे कापलेले सड, वर स्वच्छ ऊन. मला इतकं हलकं वाटत होतं की चालताना मी गाणं म्हणायला लागले, चर्चातलंच. मध्येच थांबून विचारलं, तुला कसं कळलं गं? आई म्हणाली, "तू प्रार्थनेला डोळं मिटत न्हाईस."

तुला कसं दिसलं, मी विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मडकं माझ्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर घेतलं आणि झपाझप पुढं चालायला लागली.

त्यानंतर रसावर देखरेख माझी. आंबणार नाही याची खबरदारी तू घे, तुझ्या शास्त्राचा तेवढा तरी उपयोग होऊ दे, असं पाळकसाहेबांनीच सांगितलं. पुढं मी बदली करून राहुरीला आले, आईचे हात थकले, आणि उकळायचंही माझ्याकडं आलं. शनिवारी उकळायचा, कच्चा मनुका टाकायचा नाही, राशीपासून दूर ठेवायचा. आई असेपर्यंत माझ्या वाटचा पेला तिनंच घेतला. ती गेल्यावर पहिल्या महिन्यात मी पेला धरून बसले, शेजारची जागा मोकळी होती. मग मीच प्यायले. विश्वास बिश्वास काही परत आला नाही. वाया जाऊ नये, एवढंच. आईसाठी येत होते, ती गेली म्हणून यायचं कशाला थांबवू? चर्चात बसलं की माझ्या डाव्या मांडीला अजून तिची मांडी लागते. हल्लीची माणसं मात्र मला मोठी भाविक समजतात. जन्मभर देवाचा रस करणारी बाई म्हटल्यावर दुसरं काय समजणार? दरवेळी कुणाकुणाला समजावत बसू?

काल कापणीचा सण झाला. भाच्याची मुलगी रिया पुण्याहून आली होती. संगणकातलं काहीतरी करते, मला दहा वेळा सांगून झालंय. सण असला की ही पोर न चुकता येते, आणि मला हाताला धरून चर्चात नेते. आत्याआजीला तेवढाच आनंद, असं तिच्या आईला सांगताना मी ऐकलंय. आता फार वेळ खाली बसवत नाही, बाकावर बसतो आम्ही. ढोलकी तशीच आहे. वाजवणारा लहानूतात्यांचा पणतू, चेहऱ्यावर तेच हसू. रस माझाच, पण यंदा मडकं उचलायला रिया होती.

तबक फिरलं, प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटले. माझे उघडे, सवयीनं. सहज शेजारी नजर गेली, तर रियाचेही उघडे. ती माझ्याकडं पाहत नव्हती. हातातल्या भरलेल्या पेल्याकडं पाहत होती, आणि तिचा घसा बंद झाला होता. तो बंद घसा मी पन्नास हातांवरून ओळखला असता.

मी शालीखालून हात पुढं केला. पोर दचकली, पण तिनं पेला सोडला. आधी माझा प्यायले, मग तिचा. गोड होता. रिकामा पेला तिच्या हातात ठेवला आणि पुढच्या गाण्याला सूर लावला, वरच्या पट्टीत. आवाज चिरकला. ओढला तसाच.

बाहेर निंबाखाली ती माझ्याकडं चोरून बघत होती. मला हसू फुटत होतं. ही येते माझ्यासाठी. मी येत होते आईसाठी. डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत बसणारी आई कुणासाठी येत होती, तेवढं विचारायचं राहून गेलं.